बाळाच्या अंगावरचं पुरळ: रंगाआधी जागा बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तेवीस दिवसांची मुलगी, गालांवर आणि कपाळावर लाल पुटकुळ्या, मानेच्या घडीत बारीक पुरळ, नाकावर पांढरे ठिपके, कमरेखाली निळसर डाग. सासूबाई म्हणतात अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, हळद-बेसन लाव. शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब आणून दिली आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंस की मोठ्या मुलालाही रात्री खाज सुटते.

ट्यूब लावू नकोस, हळद-बेसनही नको. बाकीचं सांगते. मी नागपुरातच लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, तेव्हा हे ओळखण्यापुरतं समज. औषध बाळाला हात लावून तपासणाऱ्यानेच ठरवायचं.

फोटो ट्यूबलाइटखाली काढला आहेस, त्यात सगळंच पांढुरकं दिसतं. खिडकीशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढ; एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे पुरळ कुठे आहे तेही कळेल. नेटवरची चित्रं बहुतेक गोऱ्या बाळांची असतात. आपल्या सावळ्या लेकरांत तेच पुरळ तपकिरी, जांभळट, कधी नुसतं बोटाला खरखरीत लागतं. म्हणून रंगावर फार जाऊ नये. जागा कोणती, कितव्या आठवड्यात आलं आणि बाळ एरवी कसं आहे, एवढं बघितलं की निम्मं निदान होतं.

गालांवरच्या पुटकुळ्या दोन-चार आठवड्यांच्या बाळाला येतात तशाच दिसताहेत. काही आठवड्यांत आपोआप जातात, फोडायच्या नाहीत, तेल चोपडायचं नाही, साध्या पाण्याने तोंड पुसायचं. नाकावरचे पांढरे ठिपके म्हणजे बंद छिद्रांत अडकलेलं केराटिन, कातडीतलंच प्रथिन. ते नखाने काढायला जाऊ नकोस. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर लाल चट्टे आणि मधोमध पिवळसर टिपका येतो, तो प्रकार वेगळा. पूर्ण दिवसांच्या बाळांत तो खूप दिसतो, तळहात-तळपाय सोडून कुठेही येतो आणि आठवडा-पंधरवड्यात जातो. तुझ्या बाळाचं ते वय उलटून गेलं.

मानेचं मात्र घामोळं आहे, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असताना ते नसतं तरच नवल. बाळाची हनुवटी हलकेच वर करून घडी उघडून बघ. तळाशी दूध आणि घाम साचून ओलसर रेघ असेल, कडेला टाचणीच्या डोक्याएवढे दाणे. मग टोपडं काढून बघ. बंद जिथे बांधलेला होता तिथे, आणि पाठीवर झबलं चिकटतं तिथे, तसेच दाणे असतील. पुरळ कपड्याच्या रेषेवर थांबत असेल तर त्यातून बरंच कळतं.

बाळंतिणीची खोली बंद, शेगडी, बाळाला टोपडं, झबलं, वरून दुपटं, आणि बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे. हे आपल्याकडे अजून चालतं. टोपडं आणि दुपटं काढून टाक, एकच सुती पातळ झबलं ठेव. कूलर चालेल, पण झोत थेट अंगावर नको आणि खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि दमटपणात घाम वाळत नाही. बाळाला गरम होतंय का ते हातापायांवरून ठरवू नकोस, ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हाताची मागची बाजू लाव. घडी साध्या पाण्याने पुसून, टिपून कोरडी कर. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. मालिश करायचीच असेल तर तेल थोडं, आणि घडीत अजिबात नको. गारवा मिळाला की एक-दोन दिवसांत फरक दिसतो. दाण्यांत पू झाला किंवा आजूबाजूची कातडी लाल आणि गरम झाली तर दाखव. उन्हाळा आहे म्हणून पाणी पाजायचं नाही, दूधच जास्त वेळा दे.

बेसनाच्या गोळीने लव काढण्याचा खटाटोपही सोड. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. घासल्याने कातडी सोलवटते आणि तिथून जंतू आत जातात. काजळाचंही तेच, त्यात शिसं सापडलेलं आहे. सासूबाईंशी भांडू नकोस. डॉक्टरांनी महिनाभर काही लावू नका म्हटलंय, एवढं पुरतं.

निळसर डाग जन्मापासून असेल, दाबल्यावर दुखत नसेल आणि रोज तोच रंग असेल तर काळजी नाही. मार लागला असता तर दोन-चार दिवसांत हिरवट-पिवळा झाला असता. आपल्या मुलांत तो फार आढळतो आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचा पुसट होतो. मालिशवाल्या बाईवर संशय घेऊन तिला काढून टाकलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. पहिल्या काही आठवड्यांत उगवून वाढत जाणारा लालभडक उंचवटा मात्र वेगळा. बऱ्याचदा तोही पुढे आपोआप ओसरतो, पण डोळा, ओठ, नाक यांच्याजवळ असेल तर लवकर दाखवावा, कारण औषधाचा उपयोग वाढ थांबण्याआधीच जास्त होतो.

आता ट्यूबचं. उलट करून बारीक अक्षर वाच. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ बऱ्याच ट्यूबांत ते अँटिबायोटिक आणि बुरशीच्या औषधाबरोबर मिसळलेलं असतं. 2018 साली सरकारने अशी कितीतरी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या यादीत टाकली, तरी औषधाच्या दुकानात मागितली की मिळतात. बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे औषध रक्तात जास्त उतरतं. डायपरखाली लावलं तर आणखीच.

डायपरच्या जागेचं पुरळही जागेवरूनच ओळखता येतं. मांडीच्या घडीत बोट घालून घडी उघड. घडी स्वच्छ आणि फुगीर भाग लाल असेल तर ते ओलेपणाने, शी-लघवीने झालेलं: थोडा वेळ उघडं ठेव, पाण्याने धू, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर लाव. घडीच्या आतच गडद लाली आणि कडेला सुटे छोटे दाणे असतील तर बुरशी. तिला बुरशीचं औषध लागतं. अशा वेळी जीभही बघ, दह्यासारखा पुसला न जाणारा थर असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

तेवीस दिवसांच्या बाळाच्या बाबतीत मी पुरळापेक्षा पिवळेपणा आधी बघते. दिवसाच्या उजेडात कपाळ, छाती आणि पाय बोटाने दाबून सोड. दोन आठवड्यांनंतरही पिवळी झाक असेल तर रक्त तपासावंच लागतं, कोवळं ऊन हा इलाज नाही. शी खडूसारखी पांढुरकी किंवा लघवी गडद पिवळी असेल तर त्याच दिवशी जा. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध न ओढणं, सुस्ती, पाण्याने भरलेले फोड, पारदर्शक ग्लास दाबून धरला तरी न मावळणारे लाल-जांभळे ठिपके, नाळेभोवती लाली: यांतलं काही दिसलं तर इथे विचारत बसू नकोस. मेडिकल, मेयो, एम्स, नागपुरातलं जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे जा, रात्री असेल तर रात्रीच.

एक्झिमा साधारण दोन-तीन महिन्यांनंतर दिसू लागतो: गाल कोरडे, खरखरीत, बाळ चोळत राहतं, आणि डायपरची जागा बहुधा सुटते. आंघोळीनंतर लगेच बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव. स्वतःच्या मनाने आईचं तूरडाळ-अंडी बंद करू नये. आंबे खाऊन फोड येतात हे मी आयुष्यभर ऐकलं. फोड जंतूंचे असतात, घाम आणि खाजवणं त्याला कारण.

आणि आता तुझा मोठा मुलगा. मला खरं तर त्याचीच जास्त काळजी वाटली. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेपाशी दाणे असतील तर खरूज धरून चाल. घरात आणखी कोणाला खाजतं का ते विचार. संसर्ग झाल्यापासून खाज सुटायला चार-सहा आठवडे लागू शकतात, म्हणून ज्याला खाजत नाही त्यालाही उपचार घ्यावे लागतात, आणि सगळ्यांनी एकाच रात्री. डॉक्टर बहुधा परमेथ्रिन मलम देतील. मोठ्यांनी मानेखाली सगळ्या अंगाला, बेंबी आणि नखांखालीसुद्धा लावायचं, सकाळी धुवायचं, आणि आठवड्याभराने सांगतील तसं पुन्हा. तेवीस दिवसांच्या मुलीला मात्र तेच औषध आपल्या मनाने लावायचं नाही; दोन महिन्यांखाली काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. तोवर मोठ्याला तिच्या शेजारी झोपवू नकोस, आणि तिच्या तळहात-तळपायांवर दाणे येतात का ते बघत राहा, तान्ह्या मुलांत खरूज तिथेही येते. गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन गच्चीवर कडक उन्हात टाक. धुता न येणारं पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला. औषधानंतरही खाज दोन-तीन आठवडे राहते. त्या घाईत मलम पुन्हा पुन्हा चोपडू नकोस.