खुनी सत्तराव्या पानावरच सापडला, मग पुढे काय?

रहस्यकथा आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांबद्दल आलेल्या निवडक पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. बहुतेकांनी शेवट सांगूनच तक्रार केली आहे. म्हणून कादंबऱ्यांची नावं आम्ही गाळली आहेत. ज्यांनी त्या अजून वाचलेल्या नाहीत त्यांचा विरस कशाला?

प्रश्न : नुकतीच ३२० पानांची एक रहस्यकादंबरी वाचली. खुनी कोण ते सत्तराव्या पानावरच कळलं. घराण्याचा जुना वकील! कारण एवढ्या गोतावळ्यात तोच एकटा बिनकामाचा वावरत होता. पुढची अडीचशे पानं वाया गेली. कादंबरी फसली असं म्हणायचं ना?

उत्तर : अर्धीच फसली. तुम्ही पकडलात तो लेखक, खुनी अजून मोकळाच आहे. कथेत रिकामटेकडं पात्र कुणी फुकट पोसत नाही, हे मुरलेल्या वाचकाला ठाऊक असतं. त्यावरून बांधलेला अंदाज बरोबर येतो खरा, पण त्याला उकल म्हणत नाहीत.

दोन्हींतला फरक पाहायचा असेल तर पुढच्या कादंबरीत एक करा. तपास करणारा सगळ्यांना एका खोलीत बोलावतो, त्या प्रकरणाच्या आधी पुस्तक मिटा. एका कागदावर खुन्याचं नाव, त्याच्याविरुद्धचे किमान तीन दुवे पानांच्या आकड्यांसकट, आणि उरलेल्या प्रत्येक संशयितावर काट मारण्याचं कारण लिहा. दुवे लिहिता आले नाहीत तर तो तर्क नव्हता, मटका लागला होता. एलरी क्वीन या नावानं लिहिणाऱ्या जोडीनं १९२९ पासूनच्या आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत नेमक्या याच ठिकाणी थांबून वाचकाला आव्हान दिलं होतं: सगळे दुवे आता तुमच्या हाती आहेत, सांगा कोण ते.

लेखकाची चूक मात्र तुम्ही बरोबर हेरलीत. खुन्याला झाकण्यासाठी त्यानं त्याला काहीच काम दिलं नाही. चांगला लेखक उलट करतो. तो खुन्याला भरपूर काम देतो, फक्त भलतंच. तो साक्ष देतो, कुणाची समजूत काढतो, एखाद्या उपकथेचा नायकही होतो. दुव्यांचंही तसंच. टेबलावरच्या पाच वस्तूंची यादी असेल तर कामाची वस्तू तिसरी किंवा चौथी असते, कारण पहिली आणि शेवटची लक्षात राहते. महत्त्वाचं वाक्य भांडणाच्या किंवा विनोदाच्या अगदी आधी येतं आणि वाचक पुढच्या गडबडीत ते विसरतो. कधी दुवा चाळिसाव्या पानावर आणि त्याचा अर्थ लावायला लागणारी माहिती दोनशेव्या पानावर, अशी फारकत केलेली असते. तुमच्या कादंबरीत यातलं काही होतं का, ते एकदा मागे जाऊन पाहा. कोण हे कळलं तरी कसं आणि का हे शिल्लक असेल, तर ती अडीचशे पानं वाया गेली असं आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न : माझं उलट झालं. शेवटच्या प्रकरणात खुनी म्हणून मयताचा जुळा भाऊ अवतरला! आधी त्याचा उल्लेख कुठेच नाही. मैत्रीण म्हणते, धक्का तर बसला ना. मला मात्र फसवणूक वाटली.

उत्तर : फसवणूकच आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकानं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत जुळे भाऊ आणायचे तर वाचकाला आधी त्यांची रीतसर कल्पना द्यावी, हा एक नियम होता. खुनी कथेच्या सुरुवातीच्या भागातच भेटलेला असावा, अज्ञात विष वापरू नये, तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हीसुद्धा त्यातलीच कलमं. नॉक्सनं हे बरंचसं मिश्कीलपणे लिहिलं होतं आणि यातले काही नियम मोडूनही उत्तम कादंबऱ्या झाल्या आहेत. दुवा न लपवण्याचा नियम मात्र आम्हाला आजही अटळ वाटतो.

मैत्रिणीशी वाद मिटवायचा असेल तर पहिली शंभर पानं दोघींनी पुन्हा वाचा. शेवट माहीत असताना वाचकाला दोन गोष्टी दिसायला हव्यात: ज्यांचा अर्थ आता बदलला अशी वाक्यं आणि निव्वळ चकवा म्हणून पेरलेली वाक्यं. पेन्सिलीनं खुणा करा. पहिल्या प्रकारची चार-पाच वाक्यंही निघाली नाहीत, तर धक्का बाहेरून आणून चिकटवलेला आहे. आणखी एक बघा. निवेदक गप्प राहिला तर चालतं, अर्धवट बोलला तरी चालतं. पण ‘त्या रात्री घरात दुसरं कुणी नव्हतं’ असं तटस्थ निवेदनात छापून नंतर कुणी निघालं, तर ते खोटं बोलणं झालं. तेच वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडी असेल तर तक्रारीला जागा नाही. पात्रांना खोटं बोलायचा हक्क आहे.

प्रश्न : डॉक्टर मृतदेहाला हात लावून ‘मृत्यू नऊ वाजून दहा मिनिटांनी’ असं सांगतो आणि सगळी कादंबरी त्यावर उभी राहते. हे शक्य आहे का? शिवाय क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळतो, तेही.

उत्तर : दोन्ही अशक्य. या पानावर सर्वाधिक चिडचिड याच गोष्टींवरून येते आणि ती रास्त आहे.

मृत्यूची वेळ तासांच्या पट्ट्यात सांगता येते, मिनिटांत नाही. शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मृत्यूनंतर सुरुवातीला काही वेळ ते फारसं उतरत नाही. मग साधारण खोलीत तासाला अंदाजे ०.८ ते १ अंशानं उतरतं. पण कपडे जाड असतील, देह स्थूल असेल, फरशी गार असेल किंवा खिडकी उघडी असेल तर हे गणित कोलमडतं. ताठरपणा पापण्या आणि जबड्यापासून दोन ते चार तासांत जाणवू लागतो, बाराएक तासांत सर्वांगात येतो आणि पुढच्या दिवस-दीड दिवसात ओसरतो. उष्ण हवेत हे सगळं लवकर उरकतं, थंडीत रेंगाळतं.

कथाकाराला खरं उपयोगी पडतं ते रक्ताचं साकळणं. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि तासा-दोन तासांत त्वचेवर जांभळट डाग दिसतात. साधारण आठ ते बारा तासांनी ते पक्के होतात. देह पाठीवर पडलेला आणि पक्के डाग छातीवर, म्हणजे नंतर कुणीतरी तो उलटा केला. एवढ्या एका तपशिलावर प्रामाणिक रहस्य उभं राहतं. शिवाय लेखक हुशार असेल तर डॉक्टरची अनिश्चितताच वापरतो: ‘आठ ते अकराच्या दरम्यान’ म्हटलं की तिघांच्या साक्षी एकदम डळमळीत होतात.

क्लोरोफॉर्मनं शुद्ध हरपायला काही मिनिटं सतत हुंगावं लागतं, आणि तोवर माणूस धडपड करणारच. बेशुद्ध करणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांतलं अंतरही धोकादायकरीत्या कमी असतं. रुमालानं ते साधणारा गुंड कादंबरीतच भेटतो. विषांबद्दलही जाता जाता: सायनाइडचा कडू बदामासारखा वास काही लोकांना जन्मतःच येत नाही. आर्सेनिक शोधण्याची भरवशाची चाचणी जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे कथा विसाव्या शतकातली आणि तरी आर्सेनिक ‘कुणालाच सापडत नाही’, असं असेल तर ते कुणी तपासलंच का नाही याचं कारण लेखकानं द्यायला हवं.

प्रश्न : अद्भुतरम्य कादंबऱ्यांची सगळीकडे स्तुती ऐकून एक जाडजूड खंड घेतला. सुरुवातीला नकाशा, मग घराण्यांची वंशावळ, मग शब्दसूची. ऐंशी पानांत चाळीस नावं! सोडून दिला. दोष माझा का?

उत्तर : दोष वाचण्याच्या क्रमाचा आहे. नकाशा आणि शब्दसूची पाठ करून आत शिरायचं नसतं. टोलकिन यांच्या तीन खंडी महाकादंबरीत (१९५४-५५) वंशावळी, सनावळ्या, लिप्या सगळं आहे, पण तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टांत. कथा त्यांच्यावाचून समजते.

पुन्हा उचलणार असाल तर पहिली पन्नास पानं न थांबता वाचा. अनोळखी शब्द आला तर तो प्राणी आहे, हुद्दा आहे की गाव, एवढंच वाक्यावरून ताडा आणि पुढे चला. नाव तिसऱ्यांदा आलं की मगच कागदावर टिपा, सोबत दोनच शब्द: ‘आंधळा जहाजवाला’, ‘राणीची बहीण’. चाळिसांतली पंचवीस नावं तिसऱ्यांदा येतच नाहीत! नकाशा प्रवास सुरू झाल्यावर उघडा, तोही आपला माणूस कुठून कुठे निघाला एवढ्यापुरता.

यानंतरही शंभर पानांत एकाही पात्राला काय हवंय ते कळलं नाही, तर बिनदिक्कत सोडा. जग कितीही बारकाईनं रचलेलं असो, त्यात कुणाला काही हवंच नसेल तर ती कादंबरी नव्हे, गॅझेटियर आहे.

प्रश्न : सहाशे पानं नायक मार खातो आणि शेवटच्या लढाईत त्याच्या हातातून अचानक निळा प्रकाश निघून शत्रूची फौज भस्म. जादूच्या कथेत तर्क मागू नये, असं मित्र म्हणतात.

उत्तर : मित्रांना सांगा, जादूच्या कथेत तर्क जास्तच लागतो. वास्तववादी कथेत काय शक्य आहे ते वाचकाला आधीच माहीत असतं. इथे ते लेखकानं सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकारानं २००७ मध्ये हे सूत्र मांडलं: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाला तिच्या आधारे पेच समाधानकारक रीतीनं सोडवता येतो. म्हणजे हा पेरलेल्या दुव्याचाच नियम, फक्त वेश वेगळा. निळा प्रकाश हा तुमच्या कादंबरीतला जुळा भाऊ आहे.

तपासायचं असं. ही शक्ती कुणाकुणाला आहे, तिची किंमत काय, आणि तिला काय जमत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सापडलं नाही तर धोका समजा. मग ती पहिल्यांदा कुठे दिसली ते पाहा. दोनशेव्या पानावर त्याच प्रकाशानं दिवा लावताना नायकाचा हात भाजला असता, तर शेवटची लढाई तुम्हाला पटली असती. आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न: हे येत होतं, तर आधीच्या संकटात का वापरलं नाही? अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या कादंबरीत वस्तूचं खरं नाव ठाऊक असलं तरच तिच्यावर सत्ता चालते. एका नियमानं जादूला कुंपणही पडलं आणि नाव शोधण्याच्या निमित्तानं कथाही चालू लागली.

जादू गूढच ठेवायची असेल तर तीही वाट आहे. मात्र अशा जादूनं नायकाला संकटात ढकलावं. बाहेर त्यानं स्वतःच्या पायांनी यावं.

प्रश्न : नायक तीन दिवस, तीन रात्री एकाच घोड्यावर भरधाव जातो...

उत्तर : घोडा पहिल्याच दिवशी मेला असता. साधी चाल ताशी सहा-सात किलोमीटर, दुडकी बारा ते पंधरा, आणि भरधाव वेग चाळीसच्या पुढे, पण थोडेच किलोमीटर. रोज प्रवास करायचा तर दिवसाला ५० किलोमीटर बरीच मजल झाली. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला दहाएक किलो वैरण आणि २५ ते ५० लिटर पाणी लागतं. पायदळाची मजल दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर धरा. आणि ‘वीस किलोची तलवार’ दिसली की हसून पुढे जा. एकहाती तलवार किलो-सव्वा किलोची असते, दोन्ही हातांची दोन-तीन किलोची.

प्रश्न : जादूच्या जगात खून आणि त्याचा तपास, असं मिश्रण वाचलं. मांत्रिक मृताच्या आत्म्याला का विचारत नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत छळत राहिला.

उत्तर : या मिश्रणाचं मर्मच तुम्ही धरलंत. नॉक्सच्या नियमांत तर अलौकिक शक्तींना थेट बंदी होती. पण आयझॅक अॅसिमॉव्ह यांनी १९५४ मध्ये पुस्तकरूपात आलेल्या कादंबरीत यंत्रमानव आणि खुनाचा तपास एकत्र आणला आणि तो प्रामाणिक ठेवला, कारण यंत्रमानव काय करू शकत नाही हे वाचकाला माहीत होतं. जादूलाही हेच लागू. मंत्राच्या मर्यादा खून पडण्याआधी सांगितल्या पाहिजेत. आत्मा बोलतो, पण मरणाआधीच्या तासाची आठवण पुसली जाते, असं आधीच कळलेलं असेल तर वाचक त्या तासाचाच विचार करू लागतो. खून पडल्यावर सांगितलं तर ती पळवाट वाटते. तुमच्या कादंबरीत मर्यादा सांगितलीच नव्हती, म्हणून प्रश्न छळत राहिला.

प्रश्न : आवडलेल्या रहस्यकथेबद्दल इतरांना सांगताना शेवट न फोडता किती बोलावं?

उत्तर : पहिल्या पाव भागापर्यंतच्या घटना मोकळेपणानं सांगा. पुढचं सांगताना घटना टाळून बांधणीबद्दल बोला: संशयित सहा आहेत, मधला भाग रेंगाळतो, उकल दुव्यांवरून होते. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हे मात्र नका सांगू. पुढचा वाचक मग पहिल्या पानापासून प्रत्येक पात्राकडे संशयानं बघतो आणि सत्तराव्या पानावर वकिलाला पकडतो.