पलंग मिळतो, शेजार मिळेलच असं नाही
लहान मुलांसोबत लांब पल्ल्याच्या विमानाचा बिझनेस क्लास (जिथे सीटचा पलंग होतो): वाचकांची प्रश्नोत्तरे

मुलगी २१ महिन्यांची आहे. चार महिन्यांसाठी न्यू जर्सीला जायचंय. एजंट म्हणतो, दोन वर्षांच्या आत आहे, मांडीवर बसवा, मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांत काम होईल. पाळणाही मिळेल का? (जळगाव)

एजंटने हिशेब अर्धाच केला आहे. जाताना मुलगी दोन वर्षांच्या आत आहे, पण येताना ती २५ महिन्यांची असेल. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. मोठ्यांचं ये-जा भाडं ४ लाख धरलं, तर जाण्याच्या बाजूचे दहा टक्के म्हणजे २० हजार. येण्याच्या बाजूला बऱ्याच कंपन्या मुलांना ७५ टक्के लावतात, ते दीड लाख. कर वेगळे. काही सवलतीच्या भाड्यांत मुलांनाही पूर्ण पैसे पडतात. परतीची सीट आत्ताच काढा, नाहीतर परतीच्या दिवशी काउंटरवर त्या दिवसाच्या भावाने घ्यावी लागेल, तीही शिल्लक असली तर.

पाळण्याचं म्हणाल, तर विसरा. बॅसिनेटची, म्हणजे विमानातल्या पाळण्याची, वजनमर्यादा कंपनीनुसार साधारण १० ते १४ किलो असते. वजनात बसलं तरी या वयाचं मूल उंचीला ८० सेंटिमीटरच्या वर गेलेलं असतं, पाय बाहेर येतात. शिवाय सीटबेल्टची खूण लागली की झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. पाळणा खरा उपयोगी पडतो तो सात-आठ महिन्यांपर्यंत. त्या वयाचं बाळ असेल त्यांनी तिकीट काढल्याबरोबर कंपनीला फोन करून पाळण्याची जागा नोंदवावी, कारण बिझनेसमध्ये अशा जागा मोजक्याच असतात. पुढे विमान कंपनीकडे साठलेले पॉइंट वापरून वर्ग बदलला किंवा विमान बदललं, तर ही नोंद पुन्हा करून घ्या.

आमचं मत विचाराल, तर सोळा तास मांडीवर नेण्यापेक्षा जातानाही तिची सीट घ्या. बजेट ताणत असेल, तर सगळ्यांनी इकॉनॉमीत स्वतंत्र सीटवर जाणं मांडीवरच्या बिझनेसपेक्षा बरं.

आम्ही दोघं, मुलं तीन आणि सहा वर्षांची. चारही तिकिटं बिझनेसची काढली. आता सीट निवडताना घोळ होतोय. (धुळे)

हा घोळ तिकीट काढण्याआधी दिसायला हवा होता. नव्या विमानांत बिझनेसची रचना बहुतेक १-२-१ असते: खिडकीला एक, मधे दोन, पुन्हा खिडकीला एक. प्रत्येकाला गल्लीत उतरता येतं, म्हणून एकट्या माणसाला ती फार आवडते. तीन वर्षांच्या मुलाला मात्र कवचासारख्या त्या सीटमधून आई दिसतच नाही.

मधल्या जोडीत एक मोठा माणूस आणि तीन वर्षांचं मूल बसवा. मधला पडदा खाली जातो का, ते सीट नकाशावर पाहा किंवा फोनवर विचारा. काही विमानांत एका रांगेतल्या मधल्या दोन सीट एकमेकींना चिकटून असतात, तर पुढच्याच रांगेत त्यांच्यामधे टेबल येतं आणि अंतर हातभर वाढतं. चिकटलेली जोडी घ्या. सहा वर्षांचं मूल त्याच रांगेत खिडकीला आणि दुसरा मोठा माणूस त्याच्या लगेच पुढे किंवा मागे. पुढे किंवा मागे मोठं माणूस नसेल, तर मुलाला एकटं गल्लीच्या पलीकडे ठेवू नका. उड्डाणाच्या वेळी लहान मुलाजवळ मोठं माणूस असावं, असं केबिन क्रूही सांगतात.

कार सीट, म्हणजे मुलाची कारमधली खुर्ची, नेणार असाल, तर दोन गोष्टी आधी विचारा. विमानातली सीट गल्लीकडे किंवा खिडकीकडे तिरकी बसवलेली आहे का? सीटबेल्टच्या पट्ट्यात एअरबॅग आहे का? यांपैकी काहीही असलं, तर कार सीट बऱ्याचदा चालत नाही. केअर्स नावाचा पट्टा १० ते २० किलोच्या मुलांसाठी असतो, पण तो सीटच्या पाठीभोवती गुंडाळावा लागतो. कवचाच्या सीटला ते जमत नाही. इकॉनॉमीत चालणारी वस्तू बिझनेसमध्ये नापास होते ती अशी.

झोपवताना पट्टा पांघरुणाच्या वरून लावा. खाली लावलात, तर विमान हलायला लागल्यावर क्रू तो तपासायला मुलाला उठवतील.

आखातात विमान बदलणार असाल, तर मुंबईपासूनचा पहिला टप्पा कधीकधी छोट्या विमानाचा असतो. तिथे बिझनेस म्हणजे फक्त मागे झुकणारी रुंद खुर्ची. विमानाचा प्रकार टप्प्याटप्प्याने पाहा.

नातवाला नेहमी सर्दी. उतरताना कान दुखतील का? सून म्हणते, झोपेचं औषध देऊन टाकू. (अमळनेर)

कान दुखतात ते जास्त करून उतरताना. विमान वर असताना केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. खाली येताना तो वाढतो, आणि घसा-कानाला जोडणारी नळी उघडली नाही, तर कानाचा पडदा आत ओढला जातो. गिळलं की नळी उघडते. विमान उतरायला लागतं ते जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. तेव्हापासून थोडं थोडं पाजत राहा: दूध, पाणी, काहीही. एकदम बाटली संपवली, तर शेवटच्या दहा मिनिटांत गिळायला काही उरत नाही. बिझनेसमध्ये मूल गाढ झोपलेलं असतं, झोपेत गिळणं कमी होतं. उतरण्याच्या चाळीस मिनिटं आधी उठवा. सीट उभी करायला तसंही उठवावं लागणार आहे. सर्दी जोरात असेल किंवा कान वाहत असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

झोपेचं औषध नको. फेनरगन हे ॲलर्जीचं, झोप आणणारं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, श्वास मंदावू शकतो. ॲव्हिलसारख्या औषधांनी काही मुलं झोपण्याऐवजी उलट जास्त उधळतात, आणि ते तीस हजार फुटांवर कळतं. तापाचं पॅरासिटामॉल मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. एका वेळची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५०. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात. पहिल्याचे सव्वासहा मिलिलिटर, दुसऱ्याचे फक्त ३. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका.

आमच्याकडे शुद्ध शाकाहार. मुलांचं जेवण मागवावं का? घरची केळी नेता येतील? (सावदा)

मुलांचं म्हणून येणारं जेवण पुष्कळदा कोंबडीचं निघतं. उड्डाणाआधी किमान २४ तास एव्हीएमएल या कोडचं, म्हणजे भारतीय शाकाहारी, जेवण नोंदवा. जैन घरांसाठी व्हीजेएमएल. बिझनेसमध्ये मेन्यूतून निवडता येतं म्हणून लोक नोंदवत नाहीत, आणि पोराला तिखट किंवा अनोळखी काहीतरी समोर येतं. सोबत मऊ दशम्या, तुपातला शिरा कोरडा परतून आणि चुरमुरे ठेवा. शेवभाजी घरीच जेवून निघा, तिचा रस्सा सुरक्षा तपासणीत अडेल.

केळी विमानात खाण्यासाठी उत्तम, पण अमेरिकेत ताजी फळं नेता येत नाहीत. उतरण्याआधी संपवा, उरली तर विमानातच टाका. बाळाचं दूध-पाणी १०० मिलिलिटरच्या नियमातून सुटतं, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवा. दुधाला क्रूकडून गरम पाणी मागाल, तेव्हा ते चहाचं उकळतं असतं. बाटलीबंद पाणी मिसळून मनगटावर थेंब टाकून पाहा.

मुंबईला आदल्या दिवशी जावं का? (नंदुरबार)

जावंच. रात्री दीडचं विमान १५ तारखेचं असेल, तर विमानतळावर पोचायचं १४ तारखेच्या रात्री, साडेनऊपर्यंत. ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच. तुमच्याकडून सुरतमार्गे येणाऱ्या गाडीने बोरिवलीला किंवा अंधेरीला उतरा. भुसावळ-चाळीसगावकडच्यांनी ठाणे किंवा दादर. धुळ्याहून कारने येणाऱ्यांनी भिवंडी-ठाण्याच्या कोंडीचे दोन तास वेगळे धरावेत. गाडीत नऊ तास रडलेलं मूल पलंगावरही झोपत नाही.

मी एकटीच दोन मुलांना घेऊन जाणार. काही कागद? (शिरपूर)

मुलांच्या वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, त्यांच्या पासपोर्टची प्रत, मुलांचे जन्मदाखले. पत्रात प्रवासाच्या तारखा आणि देश लिहा. सगळीकडे विचारतातच असं नाही. मुलांचे पासपोर्टही आज काढून पाहा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि बऱ्याच देशांना त्यावर सहा महिने शिल्लक लागतात.