म्युझियम फुकट, मग पैसे गेले कुठे?

प्रश्न: आम्ही लेस्टरला राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा बारा वर्षांचा. यंदा जुलैत सासू-सासरे पुण्याहून येताहेत, दोन महिने राहतील. घराचा हप्ता वाढलाय, त्यामुळे सुट्टीत स्पेन-बिन काही नाही. गेल्या वर्षी ‘सगळं फ्री आहे’ म्हणून एक दिवस लंडनला गेलो आणि नंतर कार्डाचं बिल बघून नवऱ्यानं हात जोडले. खरोखर फुकटात मुलांना कुठं फिरवता येतं का?

ताई, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं दुःख मला कळतं. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही रेडिंगहून असेच डायनासोर बघायला गेलो होतो. परतीच्या गाडीत मी विजेच्या बिलाच्या पाकिटामागे हिशोब मांडला. आयत्या वेळी काढलेली तिकिटं, म्युझियमच्या कॅफेतली चार सँडविचं आणि चार ज्यूस, धाकटीनं सोडलाच नाही तो कापडी ट्रायसेराटॉप्स, आणि स्टेशनबाहेर गाडी लावल्याचे पैसे. ऐंशी पौंडांच्या वर गेलं. सगळ्यात शेवटी मी लिहिलं, ‘म्युझियमचं तिकीट : ०’. ते पाकीट बरेच दिवस फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

म्हणजे दार खरंच फुकट असतं. डिसेंबर २००१ पासून इंग्लंडमधल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत कायमची दालनं बघायला पैसे पडत नाहीत. पैसे जातात ते दारापर्यंत पोचताना, आत भूक लागल्यावर आणि बाहेर पडताना दुकानातून वाट काढताना. म्हणून कुठं जायचं हे ठरवण्याआधी कसं जायचं आणि डब्यात काय न्यायचं ते ठरवा.

आधी भाड्याचं बघू. रेल्वेचं फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड वर्षाला ३५ पौंडांना मिळतं. मोठ्यांच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वयाच्या मुलांच्या तिकिटावर साठ टक्के. एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं जाऊ शकतात, आणि ज्याच्या नावावर कार्ड आहे तो सोडून बाकीचे मोठे कोणीही चालतात. म्हणजे सासू-सासरेही त्याच कार्डात बसतात! पुष्कळ जण हे विसरतात आणि आजी-आजोबांची पूर्ण तिकिटं काढून बसतात. अट एवढीच, की प्रत्येक प्रवासात ज्याच्या नावावर कार्ड आहे तो स्वतः आणि किमान एक मूल बरोबर हवं. लंडनच्या आसपास कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी हे कार्ड चालत नाही, तेव्हा थोड्या उशिराची गाडी धरा. तिकिटं आठ-दहा दिवस आधी काढलीत तर फरक आणखी जाणवेल.

लंडनमध्ये उतरल्यावर मुलीचा प्रश्नच नाही. अकराच्या आतल्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे, बस, एलिझाबेथ लाइन सगळं मोफत. मुलगा बाराचा, त्याला मात्र भाडं आहे. त्याच्यासाठी ऑयस्टर नावाचं प्रवासाचं कार्ड घ्या आणि स्टेशनातल्या कर्मचाऱ्याला त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत घालायला सांगा. मुलगा समोर उभा असला की काम दोन मिनिटांत होतं, आणि चौदा दिवस त्याचं भाडं निम्मं. बसचा प्रवास असेल तर तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच कापलं जातं.

आता तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता. लेस्टरच्या शाळा बाकीच्या इंग्लंडपेक्षा आठवडाभर तरी आधी सुटतात. त्या दिवसांत लंडन, मँचेस्टर, यॉर्कची मुलं अजून शाळेत असतात. एकच लांबची सहल करणार असाल तर ती त्या पहिल्या आठवड्यात उरका. सकाळी शाळांच्या सहली असतात, पिवळ्या जाकिटातली पोरं रांगेनं फिरत असतात, पण दोन वाजून गेले की त्या बसमध्ये बसून परत जातात आणि डायनासोर तुमचे एकट्याचे. नॅचरल हिस्टरी म्युझियमला जायचंच असेल तर वेळेचं फुकट तिकीट घरूनच काढून ठेवा. दारात दानाचा फलक किंवा स्क्रीन येतो, पाच पौंड सुचवलेले असतात. ती सूचना असते, हुकूम नव्हे. आपल्याला उगाच अपराधी वाटतं. ज्या दिवशी परवडेल त्या दिवशी द्या, ज्या दिवशी नाही त्या दिवशी हसून पुढे जा.

पण मी तुमच्या जागी असते तर लंडनला गेल्यावर म्युझियमात शिरलेच नसते. दोन पिढ्या बरोबर आहेत, तर हा रस्ता चाला. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना हाच घडवते.

लेस्टरची गाडी सेंट पँक्रसला येते. तिथून ट्यूबनं पॅडिंग्टन आणि मग कालव्याच्या कडेनं दहाएक मिनिटं चाललं की लिटिल व्हेनिस लागतं. रंगीत लांबट होड्या, त्यांच्या टपांवर कुंड्या, एखाद्या टपावर झोपलेलं मांजर. तिथंच हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. दहा नंबरच्या घरावर निळी पाटी : लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथं राहिले होते. ब्रिटिश पत्रकार चिरोलवर घातलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले होते. खटला हरले, पण मुक्काम वर्षभराचा झाला. घर खाजगी आहे, तेव्हा फुटपाथवरूनच बघायचं, बेल वाजवायची नाही. माझे सासरे त्या पाटीसमोर चप्पल काढून उभे राहिले होते. समोरून जाणाऱ्या पोस्टमननं काही विचारलं नाही, नुसती सायकल थोडी बाजूनं नेली.

तिथून रीजंट्स कालवा धरायचा. सुरुवातीला थोडं अंतर कालव्याची वाट बंद आहे आणि मग एक बोगदा येतो, त्यामुळे तेवढं रस्त्यानं जावं लागतं. लिसन ग्रोव्हच्या आसपास पायऱ्या उतरलात की पुन्हा पाण्याकाठी. पुढे रीजंट्स पार्कच्या कडेला मॅकल्सफील्ड पूल येतो. तिथं मुलांना थांबवा. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे बंदुकीची दारू वाहून नेणारी एक होडी या पुलाखाली फुटली आणि पूलच उडाला. पूल परत बांधताना जुने लोखंडी खांब वापरले, पण फिरवून उभे केले. पूर्वी घोडे दोरानं होड्या ओढायचे, त्या दोरांनी खांबांवर खाचा पडल्या होत्या. खांब फिरवल्यावर दुसऱ्या बाजूला नव्या खाचा पडायला लागल्या. म्हणून आज खाचा दोन्ही बाजूंना आहेत. मुलीला त्यात बोट घालून बघायला सांगा. माझ्या धाकटीनं तिथं अर्धा तास काढला होता, आणि त्याला शून्य पौंड लागले.

पुढे कालवा प्राणिसंग्रहालयाच्या मधूनच जातो. एका बाजूला मोठ्या जाळीचा उंच पिंजरा आहे, त्यात काळी-पांढरी कोलोबस माकडं असतात. नशीब असेल तर वाटेवरूनच दिसतात. तिकीट काढून आत गेलेल्यांकडे बघून फार हसू नका, एवढंच. सासू-सासरे दमले तर वरच्या प्रिन्स अल्बर्ट रोडवरून २७४ नंबरची बस आहे, त्यांना त्यात बसवा.

मग प्रिमरोज हिल. टेकडी छोटीच, पण माथ्यावरून अख्खं लंडन दिसतं. डबा इथं उघडायचा. टेकडीच्या पलीकडे किंग हेन्रीज रोडला दहा नंबरचं घर : १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा तेवढ्या बघून घ्या. दोन्ही घरांचा नंबर दहाच, हे तुमच्या मुलाला स्वतःहून ओळखू द्या. खरं तर सगळा नकाशा त्याच्याच हातात द्या. बारा वर्षांच्या मुलाला ‘चल, दाखवते’ म्हटलं की तो कंटाळतो, ‘आम्ही हरवलोय, तू बघ’ म्हटलं की खिशातले हात बाहेर येतात. एकूण चाल साधारण पाच किलोमीटरची. परत यायला चॉक फार्मवरून नॉर्दर्न लाइन, बँकमार्गे जाणारी, थेट किंग्ज क्रॉसला उतरवते.

एक सावधगिरी. आजोबा बहुतेक म्हणतील, ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये महाराजांची वाघनखं आहेत ना, ती दाखव.’ ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली, पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात. त्यांना विमानतळावरच सांगून टाका, नाहीतर साउथ केन्सिंग्टनच्या पायऱ्यांवर सांगावं लागेल.

लंडन एकदाच. बाकीची सुट्टी घराजवळ काढा. तुमच्या न्यू वॉकवरच्या म्युझियममध्ये रटलंडला सापडलेला सीटिओसॉरसचा मोठा सांगाडा आहे, प्रवेश मोफत. रोज नवीन काही दाखवायची गरज नसते. सहा वर्षांची मुलगी एकाच डायनासोरला तीनदा भेटायला खुशीनं जाते. ब्रॅडगेट पार्क तर तुम्ही पाहिलंच असेल. हरणं, ओढा, आणि नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे जिथं वाढली त्या वाड्याचे अवशेष. पार्क फुकट, पार्किंग नाही, तेव्हा जमलं तर बसनं जा. हरणांपासून चांगलं पन्नास मीटर लांब राहा, आणि घरी आल्यावर मुलांचे पाय गोचीड चिकटलीय का म्हणून तपासा.

एक दिवस यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासाठी ठेवा. तेही मोफत. ‘मॅलार्ड’ नावाचं निळं इंजिन तिथं आहे, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल पळालेलं, वाफेच्या इंजिनांत आजवर सर्वात वेगवान. तिथंच जपानी बुलेट ट्रेनचा डबा आहे, आत जाऊन बसता येतं. आजोबांनी रेल्वेत किंवा एसटीत नोकरी केली असेल तर मुलांना विसरा, त्यांनाच शोधत फिरावं लागेल.

आजी-आजोबांविषयी दोन शब्द, कारण यावर कोणी लिहीत नाही. मोठ्या म्युझियममध्ये व्हीलचेअर मोफत मिळते, फोन करून ठेवा. ‘मला काय झालंय?’ म्हणतील, तरी घ्या, पिशव्या ठेवायला उपयोगी पडते. पोचल्यावर आधी स्वच्छतागृह आणि मग बाक शोधा, डायनासोर नंतर. एकच मजला बघून परत यायचं, असं आधीच ठरवा. आणि डबा आजींच्या हाती सोपवा. सायन्स म्युझियमसारख्या ठिकाणी स्वतःचा डबा खायला वेगळी जागा असते. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. दुपारी चारला काहीतरी गोड मात्र हवंच, नाहीतर मुलं दुकानाकडे ओढतात. दुकानासाठी मुलांना सकाळीच प्रत्येकी दोन पौंड रोख द्या. स्वतःचे पैसे असले की मुलं वस्तू उलटून किंमत बघतात. आमच्या धाकटीनं दुसऱ्या वर्षी पेन्सिल घेतली आणि उरलेले पैसे परत दिले.

समुद्र फुकट असतो खरा, पण तिथं मी कडक आहे. आपल्यातल्या किती जणांना नीट पोहता येतं? लाल-पिवळे झेंडे लावलेत त्यांच्यामध्येच पाण्यात जायचं, तिथं लाइफगार्डचं लक्ष असतं. ऑगस्टमध्येही पाणी थंडगार असतं, एकदम शिरलात की श्वास अडकतो. फुगवलेली बदकं आणि गाद्या घरी ठेवा, वारा त्या आत ओढून नेतो. भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. ब्रिस्टलकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी मैलभर मागे जातं आणि चिखलात पाय रुततात. कोणी अडकलंच तर ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा. स्वतः उडी मारू नका.

राहिले पावसाचे दिवस, आणि ते राहतातच. मुलीला घेऊन ग्रंथालयात जा. चार ते अकरा वयाच्या मुलांसाठी तिथं उन्हाळी वाचनाचं आव्हान असतं, १९९९ पासून दर वर्षी. सहा पुस्तकं वाचायची, प्रत्येक वेळी ग्रंथपालबाईंना जाऊन सांगायचं, शेवटी प्रमाणपत्र. पुस्तकं मोफत, नाव नोंदवणंही मोफत. आजींना इंग्रजी वाचता येत नसेल तर नातीनं वाचून दाखवायचं आणि आजींनी तीच गोष्ट मराठीत परत सांगायची. आमच्या घरी एका उन्हाळ्यात सहावं पुस्तक ‘मोल’ या जमिनीत बिळं करणाऱ्या प्राण्यावर होतं. आमच्या आईंनी ते सांगताना मोलचा उंदीर केला आणि उंदराला लग्नाला उभं केलं. धाकटीनं ग्रंथपालबाईंना तीच गोष्ट सांगितली, पुस्तकात नसलेल्या लग्नासकट. बाईंनी पुस्तक उघडून दोन-तीन पानं चाळली, मग शिक्का मारला.