@ऑटोवायर्ड लावूनही फील्ड नल का येतं?

तुम्ही विचारलंय की जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये @ऑटोवायर्ड (‘हे फील्ड स्प्रिंगने भरावं’ अशी खूण) लावूनही पेमेंटगेटवे फील्ड नल, म्हणजे रिकामं, का राहतं. तुमच्या कंट्रोलरच्या (वेब रिक्वेस्ट घेणाऱ्या क्लासच्या) मेथडमध्ये ‘न्यू ऑर्डरसर्व्हिस()’ ही ओळ आहे ना, सगळा घोळ तिथेच आहे. ऑर्डरसर्व्हिसमधल्या पेमेंटगेटवे फील्डवर @ऑटोवायर्ड आहे खरं, पण ते वाचून फील्ड भरायचं काम स्प्रिंगचा कंटेनर (ऑब्जेक्ट बनवून एकमेकांना जोडणारा भाग) करतो आणि तेही त्याने स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टमध्येच. तुम्ही न्यू करून बनवलेल्या ऑब्जेक्टचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून फील्ड नल राहतं आणि पहिल्याच वापराला नलपॉइंटरएक्सेप्शन येतं.

न्यू काढून टाका. कंट्रोलरने ऑर्डरसर्व्हिस कन्स्ट्रक्टरमधून घ्यावी, ऑर्डरसर्व्हिसने पेमेंटगेटवे तसाच घ्यावा, आणि दोन्हीकडची फील्ड प्रायव्हेट फायनल करा. स्प्रिंग 4.3 पासून क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर @ऑटोवायर्ड लिहावं लागत नाही. फील्ड इंजेक्शन, म्हणजे थेट फील्डवर @ऑटोवायर्ड लावणं, मी नव्या कोडमध्ये चालवून घेत नाही, कारण कन्स्ट्रक्टर असता तर तुमची आजची चूक कंपायलरनेच पकडली असती. शिवाय युनिट टेस्टमध्ये खोटा गेटवे हाताने देऊन सर्व्हिस बनवता येते, स्प्रिंग सुरू करावं लागत नाही. तिथे न्यू अगदी योग्य आहे.

या बदलानंतर अ‍ॅप सुरू होतानाच एरर आली तर ती नीट वाचा. नोसचबीनडेफिनिशनएक्सेप्शन (हवा तो बीन, म्हणजे स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट, सापडला नाही) आली तर बहुधा क्लासवर @सर्व्हिस (‘याचा बीन बनव’ अशी खूण) नाही, किंवा तो मेन क्लासच्या पॅकेजबाहेर आहे. @स्प्रिंगबूटअ‍ॅप्लिकेशन स्वतःचं पॅकेज आणि त्याखालचीच पॅकेजेस तपासतं. नोयुनिकबीनडेफिनिशनएक्सेप्शन आली तर पेमेंटगेटवेची दोन इम्प्लिमेंटेशन्स सापडली आहेत. नेहमीच्या एकावर @प्रायमरी लावा, नाहीतर पॅरामीटरवर @क्वालिफायर लावून कोणता हवा ते नावाने सांगा. गेटवे ग्राहकाच्या निवडीनुसार ठरणार असेल तर मॅप<स्ट्रिंग, पेमेंटगेटवे> मागा. बीनचं नाव आणि बीन अशा जोड्या मिळतात.

दोन सर्व्हिसेस एकमेकींना मागत असतील तर स्प्रिंग बूट 2.6 पासून अशी साखळी मुळातच बंद आहे. फील्ड इंजेक्शन असेल तर सेटिंग बदलून ती उघडता येते (दोन्हीकडे कन्स्ट्रक्टर असेल तर तेही चालत नाही), पण तसं करू नका; दोघींना लागणारा भाग तिसऱ्या क्लासमध्ये काढा.

आणि हे बदल करण्याआधी ऑर्डरसर्व्हिसमध्ये ‘चालू ऑर्डर’सारखं काही फील्डमध्ये ठेवलंय का ते बघा. आतापर्यंत दर कॉलला नवा ऑब्जेक्ट बनत होता, आता सगळ्या रिक्वेस्टना मिळून एकच असेल. तसलं फील्ड राहिलं तर एका ग्राहकाची ऑर्डर दुसऱ्याच्या खात्यात जाईल. ती माहिती मेथडच्या पॅरामीटरमधून पाठवा.