जुनी कॅरॅव्हॅन किंवा मोटरहोम घेण्याआधी भिंतीतली ओल तपासायला कोणता मॉइश्चर मीटर घ्यावा?

जुनं मोटरहोम बघायला जाताना पिनांचा मीटर न्यावा की बिनपिनांचा, आणि स्वस्तातला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: लाकडाचा मोड असलेला साधा दोन पिनांचा मीटर घ्या. बिनपिनांचा घ्यायचाच असेल तर जोडीला घ्या, एकटा नको.

याचं कारण भिंतीच्या बांधणीत आहे. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा आतून जेमतेम तीन मिलिमीटरचं प्लायवुड असतं, त्यावर व्हिनाइलचा कागद, मध्ये थर्माकोल आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर. सगळं मिळून जाडी तीनेक सेंटिमीटर. बिनपिनांचा मीटर पृष्ठभागाखालच्या साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतच्या थराचा मिळून अंदाज देतो. त्यामुळे थर्माकोलवर आकडा कमी येतो, लाकडी पट्टीवर वाढतो आणि वायर, स्क्रू किंवा पत्रा जवळ आला की एकदम उसळतो. कोरडी भिंत ओली वाटते आणि चांगली गाडी हातची जाते. गोलाई असलेल्या कोपऱ्यात तो नीट टेकतही नाही, आणि ओल धरते ती नेमकी तिथेच. मोठी भिंत भोकं न पाडता भराभर चाळायला मात्र तो उपयोगी आहे, हे मान्य.

पिनांचा मीटर दोन टोकांमधला विद्युत रोध मोजतो. लाकूड जितकं ओलं, तितका रोध कमी. पिना जिथे टोचल्या तिथलंच तो सांगतो, म्हणून त्याच्या आकड्याचा अर्थ लावता येतो. अडचण एकच, दोन बारीक भोकं राहतात. मालकाला आधी विचारा आणि कपाटाच्या आत, बिछान्याखालच्या पेटीत, खिडकीच्या रबरी पट्टीखाली अशा न दिसणाऱ्या जागा निवडा. पिना हलकेच दाबा. प्लायवुड पार करून त्या थर्माकोलमध्ये गेल्या तर आकड्याचा भरवसा राहत नाही.

स्वस्त मीटर चालतो, पण थोडं बघून घ्या. विटा-प्लास्टरसाठीचा मोड वेगळा असतो, त्यातला आकडा इथे निरुपयोगी. पिना बदलता आल्या पाहिजेत. आणि एकाच जागी पुन्हापुन्हा लावला तर आकडा तोच आला पाहिजे. कोरड्या फळीच्या तुकड्यावर हे घरीच तपासता येतं. माझ्या लेखी अचूकतेपेक्षा हे महत्त्वाचं. जास्त खर्चाची तयारी असेल तर प्रोटीमीटरसारख्या जुन्या नावाकडे जा. त्याच्या दिव्यांचे रंग सुमारे 17 टक्क्यांना पिवळे आणि 20 ला लाल होतात.

आकड्यांबद्दल: 15 टक्क्यांपर्यंत काळजी नाही. 15 ते 20 मध्ये लक्ष ठेवायचं. 20 च्या पुढे पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, कारण तिथून लाकूड कुजायचा धोका सुरू होतो. 30 च्या पुढे सांगाडा खराब झाला असण्याची शक्यता धरून चाला. साधारण 28-30 च्या वर लाकडाची तंतुभित्ती पाण्याने पूर्ण भरलेली असते, म्हणून मीटर 40 दाखवतो की 60 याला फारसा अर्थ नाही. खूप ओलं आहे, एवढंच त्यातून कळतं.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे, की एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. गाडीत शिरल्यावर आधी बाहेरच्या भिंतीला न टेकणारं एखादं आतलं पार्टिशन मोजा. तो तुमचा पाया. पार्टिशन 11 आणि खिडकीखालचा कोपरा 19 आला, तर 19 'फक्त पिवळा' असला तरी पाणी आत येतंय असं समजा. सगळीकडेच 16 असेल तर बहुधा हवाच दमट आहे. आकडे कागदावर गाडीचा नकाशा काढून त्यात लिहा. ओल कुठून कुठे पसरली ते त्यावरून दिसतं. पाणी वरून शिरतं आणि खाली साचतं, म्हणून छतालगत डाग असेल तर त्याच्या खालची जमीनही मोजा.

छताच्या झरोक्यांभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, बाजूची आणि पुढची भिंत जुळते तिथे, ऑनिंगच्या (बाहेर ताणायच्या कापडी छपराच्या) पट्टीखाली, बाहेरच्या हँडल आणि मागच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला आणि बाथरूमच्या जमिनीत मीटर फिरवा. या सगळ्या जोडांतलं सीलंट वयाबरोबर कडक होऊन भेगाळतं. मीटरबरोबर अंगठाही वापरा. भिंत दाबल्यावर मऊ लागली, कागदाला लाटा आल्या असल्या किंवा कपाट उघडताच कुबट वास आला, तर मीटर काय म्हणतो याची वाट बघू नका.

काचांवर बाष्प धरलेलं असताना मोजू नका, पृष्ठभागावरच्या पाण्याने आकडा चढतो. मालकाने आधीच हीटर लावून गाडी तापवून ठेवली असेल तर वरचा थर वाळलेला असतो, मग कपाटांच्या आतल्या, ऊब न पोचलेल्या कोपऱ्यांवर जास्त भरवसा ठेवा.

एक अपवाद आहे. काही नव्या गाड्यांच्या भिंतीत लाकूड अजिबात नसतं, नुसतं फायबर आणि फोम. लाकडाच्या टक्क्यांना तिथे अर्थ नाही. तिथे भिंत बोटाने ठोकत जा. आवाज पोकळ आला किंवा फुगवटा लागला तर थर सुटलाय. आत पाणी शिरल्यामुळेही तसं होतं. अशी गाडी बघणार असाल तर बांधणी कशाची आहे ते मालकाला आधीच विचारून घ्या, मीटर नंतर.