सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घरात स्वतः स्वयंपाक करायचा असेल, तर किराणा आणि भांडीकुंडी यांचे नियोजन कसे करावे?

आपण विचारले आहे की, सहा जण पाच दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेत आहोत, तर सोबत काय न्यावे आणि तिथे पोहोचल्यावर काय विकत घ्यावे. माझे स्पष्ट मत असे की, किराण्याची यादी सर्वांत शेवटी करावी. त्या स्वयंपाकघरात नेमके काय आहे हे आधी विचारून घ्यावे, मग कोणकोणते जेवण तिथे खरोखरच शिजवायचे आहे ते ठरवावे, म्हणजे यादी आपोआप आटोपशीर होते.

जाहिरातीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ असे लिहिलेले असले, तरी प्रत्येक घरमालकाच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा असतो. म्हणून ओट्याचा आणि उघड्या कपाटांचा फोटो मागवावा, तसेच शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची, ती पेटवायला लायटर आहे का, पिण्याच्या पाण्याची सोय काय आणि सर्वांत मोठे पातेले किती लिटरचे आहे, हे विचारावे. पातेल्याचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तिथेच गाडे अडते. माणशी 75 ग्रॅम धरले तर सहा जणांना साधारण 450 ग्रॅम तांदूळ लागतात. त्यात पाणी घातल्यावर आणि उकळीचा फेस वर येण्याइतकी जागा सोडल्यावर तीन लिटरपेक्षा लहान पातेले पुरत नाही, आणि दोन-चार माणसांच्या हिशेबाने मांडलेल्या घरात तेवढे पातेले बहुधा नसते. भांडे घरून न्यायचे असेल आणि तिथे इंडक्शन असेल, तर तळाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहून घ्यावे. साधे ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे भांडे त्यावर तापतच नाही. घर उंच डोंगरावर असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समुद्रसपाटीपासून 2,000 मीटर उंचीवर पाणी सुमारे 93 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे डाळी आणि कडधान्ये शिजायला फार वेळ लागतो आणि प्रेशर कुकर सोबत असणे गरजेचे ठरते.

आता जेवणांचा हिशेब. पाच दिवसांची सगळी जेवणे घरीच करू, असे निघण्यापूर्वी उत्साहात ठरते; प्रत्यक्षात दुपारी सगळे बाहेर भटकत असतात आणि आणलेली भाजी फ्रीजमध्ये सुकत राहते. म्हणून रोजची न्याहारी आणि एक जेवण एवढेच शिजवायचे धरावे, आणि प्रत्येक जेवणासमोर पदार्थाबरोबरच कोण रांधणार व कोण भांडी घासणार तेही लिहावे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण जो घरी रोज रांधतो त्याचीही ती सुट्टीच असते.

पहिल्या संध्याकाळची तजवीज स्वतंत्रपणे करावी. पोहोचायला उशीर होतो, सगळे दमलेले असतात आणि दुकाने शोधण्याचे त्राण कुणात उरत नाही. फक्त गरम करावे लागेल असे काही घरून करून न्यावे, आणि तेल, मीठ, साखर, चहा, दूध व काडेपेटी यांची एकच पिशवी सर्वांत वर ठेवावी. मसाले पुड्यांनिशी न नेता लहान डब्यांत लागतील तेवढेच काढून घ्यावेत. अवजड आणि नाशवंत जिन्नस, म्हणजे पाणी, फळे, भाज्या, अंडी, हे तिथे जवळपास दुकान असल्याची खात्री करून तिथेच घ्यावेत. धार असलेली स्वतःची सुरी मात्र जाड कापडात गुंडाळून अवश्य न्यावी. अनोळखी घरातली सुरी बोथट निघाली की टोमॅटो चिरला जाण्याऐवजी चेचला जातो. भांड्यांचा साबण, घासणी, दोन पुसणी, कचऱ्याच्या पिशव्या आणि उरलेले ठेवायला झाकणाचे दोन-तीन डबे एवढे असले, की बहुतेक निभावते.

प्रवासात थंड ठेवायच्या वस्तूंभोवती पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या लावाव्यात. बर्फ वितळल्यावर तेच पाणी पिता येते. बंद असलेला फ्रीज चालू केल्यावर नीट थंड व्हायला काही तास जातात, म्हणून तो आदल्या दिवशीच सुरू करून ठेवण्याची विनंती मालकाला करावी. फ्रीजचे तापमान 5 अंशांच्या आत असावे आणि शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. कुणाला शेंगदाण्याची किंवा इतर कशाची ॲलर्जी असेल, तर त्या व्यक्तीसाठी वेगळी विळी किंवा चिरण्याची फळी घरूनच न्यावी, कारण तिथल्या फळीवर आधी काय चिरले गेले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो.

निघण्याच्या आदल्या रात्रीचे जेवण यादीत मुद्दाम मोकळे सोडावे आणि उरलेल्या भाज्या, अंडी, भात यांतून ते उभे करावे. शेवटच्या सकाळी फळे आणि ब्रेड यांसारखी भांडी न लागणारी न्याहारी ठेवली, तर रात्रीच ओटा आवरून होतो. उघडलेली पाकिटे मालकाला विचारूनच तिथे ठेवावीत.