इन्सर्टचा भाव आणि टंग्स्टनचा परवाना

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझे दोन सीएनसी लेथचे छोटे वर्कशॉप असून आम्ही वाहनांच्या सुट्या भागांचे टर्निंग जॉबवर्क करतो. कार्बाइड इन्सर्टचा (लेथवर धातू कापणाऱ्या, बदलता येणाऱ्या कठीण तुकड्याचा) भाव सारखा वाढतो आहे आणि डीलर ‘चीनने माल अडवला’ एवढेच सांगतो. मी तर भारतात तयार झालेले इन्सर्ट वापरतो. मग मला झळ का बसावी? कर्ज काढून साठा करून ठेवावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इन्सर्ट भारतात घडला असला, तरी त्यातला मुख्य पदार्थ टंग्स्टन कार्बाइड आहे, आणि जगातील खाणींतून निघणाऱ्या टंग्स्टन या धातूपैकी सुमारे ८० टक्के एकट्या चीनमध्ये निघते. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनने अमोनियम पॅराटंग्स्टेट, टंग्स्टन ऑक्साइड आणि टंग्स्टन कार्बाइड यांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. ही सरसकट बंदी नव्हे. परंतु मंजुरी केव्हा मिळेल याचा भरवसा नसला की कच्चा माल घेणारे कारखाने जादा साठा करू लागतात आणि भाव चढतो. मोठे ग्राहक वार्षिक कराराच्या दराने माल उचलतात, तर दहा नगांची एकेक डबी डीलरकडून घेणाऱ्याला त्या दिवशीचा भाव मोजावा लागतो. तुम्हाला झळ बसते ती इथे.

त्यात भर कोबाल्टची. कार्बाइडचे कण एकत्र बांधून ठेवणारा हा धातू जगाला मुख्यतः आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताक पुरवतो, आणि त्या देशाने, भाव पडल्यामुळे, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची निर्यात थांबवली व ऑक्टोबरपासून कोटा लावला. म्हणजे एकाच इन्सर्टवर दोन खंडांतील निर्णयांचा भार आला आहे. जागतिक व्यापार संघटनेने २०१४ मध्ये टंग्स्टनवरील चीनचे निर्यातशुल्क व कोटा नियमबाह्य ठरवले होते, याची येथे आठवण होते. आताचे परवाने मात्र राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन लावलेले असल्याने त्यांना आव्हान देणे अधिक अवघड आहे. राजस्थानातील देगाणा येथे पूर्वी टंग्स्टनची खाण चालत असे, ती बंद पडली. त्यामुळे देशांतर्गत आधारही हाताशी नाही.

कर्ज काढून साठा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परवान्यांचे धोरण एका घोषणेने बदलू शकते आणि व्याज मात्र तुमच्याच माथी राहते. शिवाय ग्राहकाने जॉबचे मटेरियल बदलले, तर साठवलेली ग्रेड (विशिष्ट मटेरियलसाठीचा इन्सर्टचा प्रकार) निरुपयोगी ठरते. महिना-दीड महिन्याची गरज भागेल इतकाच माल ठेवावा.

त्याहून मोठी बचत तुमच्या शॉपफ्लोअरवरच आहे. सीएनएमजी (चौकोनी) इन्सर्टला चार आणि टीएनएमजीला (त्रिकोणी) सहा कटिंग एज, म्हणजे कापणाऱ्या कडा, असतात, पण पाळी बदलताना घाईत दोन-तीन एज वापरूनच इन्सर्ट टाकून दिले जातात. वापरलेल्या एजवर मार्करने खूण करण्याची शिस्त ऑपरेटरांना लावावी. झिजलेले इन्सर्ट लोखंडी बरीमध्ये (कापताना निघणाऱ्या चुऱ्यात) मिसळू देऊ नयेत, कारण त्यांतील टंग्स्टन आणि कोबाल्ट परत काढता येतात आणि भाव चढलेला असताना वेगळ्या ठेवलेल्या कार्बाइड भंगाराला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक दर मिळतो. विकण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. ग्राहकाला नवे कोटेशन देताना टूलचा खर्च वेगळ्या रकान्यात दाखवावा आणि जुन्या-नव्या खरेदीची बिले सोबत जोडावीत. पर्चेस विभाग ‘दर वाढवा’ या तोंडी विनंतीपुढे हलत नाही, पण नगामागे इन्सर्टचा खर्च किती पैशांनी वाढला, हे कागदावर दिसले की बोलणी सुरू होतात.